पाचव्या दिवसाचा प्रसाद

पलंगाच्या पायाशी पाटी लटकवली होती. तीन भाषांत, लाल अक्षरांत: तोंडाने काही नाही. सकाळी डॉक्टर बाइदेउ, म्हणजे डॉक्टरताई, येत, त्याही तेच म्हणत. दुपारी सिस्टर म्हणे, संध्याकाळी झाडायला येणारी मावशीसुद्धा झाडू टेकवून म्हणे. मी तेहतीस वर्षं पोस्टमन होतो. वाचता न येण्याची सबब मला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जे केलं ते अडाणीपणाने केलं असं कुणी म्हणायला नको.

पलंगावर थानेश्वर हालोई होते, आमच्या नगारा-नामाचे पाठक. नलबारीकडच्या कुठल्याही गावात विचारा. मांडवात तीन नगारे आणि बारा जोड भोरताल, म्हणजे मोठ्या झांजा, एकदम वाजले की माणसाच्या पोटातलं पाणी हलतं; आणि मग ते सगळं एका हाताच्या इशाऱ्यावर थांबतं, नि डोक्याला पागोटं बांधलेला, कमरेला शेला कसलेला एक माणूस त्या शांततेत हरीची कथा गायला लागतो. तो पाठक. गाता गाता तो बोलतो, बोलता बोलता नाचतो, म्हाताऱ्यांची नक्कल करतो, बायकांना हसवतो आणि हसण्याच्या भरातच कुठेतरी अशी ओळ सोडतो की पदर डोळ्यांना जातात. मी एकतीस वर्षं त्यांच्या डाव्या हाताला नगाऱ्यावर बसलो. ते मला कंदर्प म्हणत, मी त्यांना ककाइदेउ, म्हणजे थोरले भाऊ. सख्ख्या भावाशी माझं इतकं जमलं नाही.

उभं राहण्याआधी ते गालात तामोल धरत. कच्ची सुपारी, पान, चुना. "तामोलाशिवाय सूर उघडत नाही रे," म्हणायचे. सूर उघडायचा खरा. गेल्या बिहूच्या सणाला मात्र पिठा, तांदळाची गोड पोळी, त्यांच्या छातीत अडकला. मग भात अडकायला लागला, मग मऊ भात, मग पेज. गुवाहाटीला नळी घालून पाहिलं तर अन्ननलिकेच्या खालच्या भागात गाठ. आधी औषधं नि किरणं झाली, आणि मग डॉक्टर रीतुपर्णा बोरगोहाईं यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की काढावी लागेल.

"काय काढणार?" हेमप्रभा नबौने विचारलं. ककाइदेउंची बायको ती, म्हणजे माझी वहिनी.

बाइदेउंनी माझ्या खांद्यावरचा गामोसा, आमचा लाल काठाचा पंचा, मागून घेतला. त्याची लांब सुरळी केली. "अन्ननलिका काढायची. जठर असतं ना पोटात, त्याची अशी लांबट नळी शिवायची आणि छातीतून वर ओढून मानेशी आणायची. इथे जोडायची." त्यांनी स्वतःच्या मानेवर डाव्या बाजूला बोट टेकवलं. "हा जोड धरला तर सगळं धरलं. हा सुटला तर जे गिळाल ते आत सांडेल. म्हणून सात दिवस तोंडाने काही नाही. अन्न पोटातल्या वेगळ्या नळीने जाईल. सात दिवसांनी तपासणी करून मीच सांगेन."

"आणि आवाज?" ककाइदेउंनी विचारलं. जगण्याबद्दल नाही विचारलं.

"आवाजाची नस तिथूनच जाते. जपेन. वचन देत नाही."

बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "बाई खरी आहे. वचन देणारी असती तर मी पळालो असतो."

ऑपरेशनच्या आधी त्यांना श्वासाचं एक खेळणं दिलं होतं, तीन गोळ्यांचं. नळीतून श्वास ओढला की गोळ्या वर चढतात. इतर पेशंट एक चढवताना घामाघूम होत. ककाइदेउंनी तिन्ही चढवल्या नि वर धरून ठेवल्या, आणि भुवया उडवून सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर अंजिमा बसुमतारी सगळ्यांना खुरा, म्हणजे काका, म्हणे; ती हसून म्हणाली, "खुरा, इथे बक्षीस नाही हं." तर हे नळी काढून म्हणतात, "मग टाळ्या तरी."

ऑपरेशन साडेआठ तास चाललं. चार दिवस आयसीयूत गेले. पाचव्या सकाळी वॉर्डात आणलं तेव्हा मानेला पट्टी, छातीतून नळी खालच्या बाटलीत, पोटातून नळी, आणि आवाज नुसता वारा. कान तोंडाला लावावा तेव्हा शब्द कळे. पण डोळे त्यांचेच होते. मला पाहून त्यांनी बोटांनी चादरीवर नगाऱ्याचा एक तोडा वाजवला.

त्याच दिवशी गावाहून पुडकं आलं.

गावाने त्यांच्यासाठी नामघरात, म्हणजे गावच्या भजनमंदिरात, चार दिवस नाम धरलं होतं. आमच्या नामघराचे म्हातारे मेधी, पूजेअर्चेचं तेच बघतात. त्यांनी चौथ्या दिवशीचा प्रसाद केळीच्या पानात बांधून बसच्या कंडक्टरच्या हाती दिला. भिजवलेले मूग, हरभरे, खोबऱ्याचे तुकडे, आलं. वर चिठ्ठी: थानेश्वर पाठकाच्या हाती द्यावे. नबौ आदल्या चार दिवसांची जागलेली, धर्मशाळेत अंघोळीला गेली होती. उशाशी मीच होतो. सबंध नोकरीत मी एक गोष्ट शिकलो: ज्याच्या नावाचं, त्याच्या हाती.

"काय आलं?" ककाइदेउंचा वारा म्हणाला.

"नामघरचा प्रसाद."

त्यांचे डोळे भरून आले. मग म्हणाले, "दे."

"कपाळाला लावतो."

"कंदर्प, प्रसाद कधी कपाळाने खाल्लास का?"

"ककाइदेउ, पाटी बघा. बाइदेउंनी बजावलंय."

"जेवायचं नाही म्हणाल्या. प्रसाद जेवण आहे? उपासाच्या दिवशी प्रसाद घेतलास म्हणून तुझा उपास मोडला का कधी?"

खरं सांगतो, ह्याचं उत्तर आजही आमच्या गावात कुणाकडे नसेल. ज्याला विस्तव लागला नाही ते आमच्याकडे जेवणात धरत नाहीत, आणि देवापुढून आलेलं तर नाहीच नाही. घरी पाहुणा "पोट भरलंय" म्हणाला तरी प्रसादाला कुणी पोटाची सबब सांगत नाही. पाटीवर लिहिलेलं वाचताना माझ्या डोळ्यांपुढे भात होता, मासे होते, चहा होता. मूग नव्हते.

मी पाच दाणे मोजून दिले. त्यांनी ते इतका वेळ चावले की मला वाटलं, गिळणारच नाहीत. मग गिळले. डोळे मिटून पडून राहिले. चेहऱ्यावर असं समाधान की मीसुद्धा हात जोडले.

"आल्याचा तुकडा दे."

"नाही."

"बरं. नबौला सांगू नकोस. ती तुझ्या नगाऱ्यापेक्षा मोठ्याने वाजेल."

उरलेला प्रसाद मी खाल्ला. पान घडी करून खिशात ठेवलं.

सहाव्या दिवशी सकाळी सिस्टर अंजिमाने नाडी मोजली, घड्याळाकडे पाहिलं, परत मोजली. एकशे बावीस. अंगात ताप. ती गेली आणि बाइदेउंना घेऊनच आली. त्यांनी मानेची पट्टी उचलली. टाक्यांभोवती कातडी लाल, फुगलेली. बोट दाबलं तसे ककाइदेउ कळवळले. मग बाइदेउ वाकून छातीच्या नळीच्या बाटलीकडे बघत राहिल्या. काल त्यात फिकट लालसर पाणी होतं, आज ते गढूळ झालेलं मलाही दिसलं.

"तोंडाने काही घेतलं?"

ककाइदेउंनी मान हलवली. नाही.

बाइदेउंनी माझ्याकडे पाहिलं. नबौही माझ्याकडेच पाहत होती.

"पाण्याचा थेंबही नाही, बाइदेउ," मी म्हणालो.

आणि ते खरंच होतं. पाणी मी दिलं नव्हतं. अक्षर न् अक्षर खरं ठेवून खोटं सांगता येतं हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळलं.

"छातीचा स्कॅन करू," त्या म्हणाल्या. "जोड गळतोय असं दिसतंय. मानेतल्या मानेत गळत असेल तर निभावता येतं. छातीत उतरत असेल तर पुन्हा उघडावं लागेल."

"पुन्हा?" नबौ म्हणाली. "पुन्हा सगळं?"

त्यांनी नबौच्या पाठीवर हात ठेवला आणि निघून गेल्या.

मी कॉरिडॉरमध्ये आलो. लिफ्टपासून पाण्याच्या टाकीपर्यंत बेचाळीस पावलं आहेत. किती वेळा मोजली सांगता येणार नाही. खिडकीच्या गजावर माझी बोटं आपोआप वाजायला लागली. सिस्टर अंजिमा दारातून डोकावली.

"खुरा, बोटं आवरा. हे इस्पितळ आहे, नामघर नाही."

"चुकलं, सिस्टर."

"तुम्हाला बरं नाही का? चेहरा बघा. काही खाल्लंत?"

मला हसू आलं. दोन दिवसांत खाण्याबद्दल खरं उत्तर मी कुणालाच दिलं नव्हतं.

फोन वाजला. म्हातारे मेधी. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून ते सगळ्या जगाला बहिरं समजतात.

"पोचला का प्रसाद?"

"पोचला."

"तोंडात घातलास ना त्याच्या?"

"...घातला."

"मग झालं! आता यमाच्या बापाची हिंमत नाही. घाबरू नकोस रे! गाव तुझ्यावर सोपवून निश्चिंत आहे!"

फोन ठेवला तेव्हा कानाखाली मारल्यासारखं वाटत होतं. कुणाला सांगू? बाइदेउंना सांगितलं तर गोष्ट नबौला कळणार, नबौकडून गावाला. गाव काय म्हणेल? नामघरच्या प्रसादाने पाठकाचा गळा फाटला. चार दिवस माणसं ज्याच्यापुढे डोकं टेकून बसली, त्या प्रसादावर बोट येणार. मला माझी अब्रू प्यारी होती, खोटं कशाला बोलू. पण त्याहून हे जड होतं. प्रसादाने अपाय झाला हे वाक्य माझ्या जिभेवर चढेना. ते म्हणायचं म्हणजे पाप, न म्हणावं तर तिथे नाडी एकशे बावीस.

मन सुटकेची वाट शोधतंच. ककाइदेउ एक कथा फार रंगवत. देव अवचित एका भोळ्या बाईच्या दारात येतो, ती आनंदाने इतकी भांबावते की केळं सोलून गाभा टाकून देते आणि साल देवाच्या हातावर ठेवते. आणि देव ते साल मिटक्या मारत खातो. ककाइदेउ त्या बाईची धांदल अशी करत की मांडव लोळे, नि मग थांबून हळूच म्हणत, "चुकली. पण तिची चूक देवाला गोड लागली." मी लिफ्ट ते टाकी, टाकी ते लिफ्ट तेच धरून चाललो. चूक गोड लागते. चूक गोड लागते. आणि टाकीपाशी वळताना मनाने विचारलं, देवाच्या मानेला टाके होते का रे?

मी तिथेच उभा राहिलो.

दोन वाजता स्कॅन झाला. बाइदेउंनी नबौला नि मला बोलावलं. मानेत हवा दिसत होती, छातीच्या वरच्या भागातही थोडी, आणि खाली पाणी. "गळती नेमकी कुठे वाहतेय हे फोटोवरून पक्कं सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "शरीर थकलंय. दुसऱ्यांदा छाती उघडणं त्यांना झेपेलच असं नाही. पण आत पू साठत असेल तर वाट बघण्यातही जीव जाईल. चार वाजता घेते." नबौने कागदावर सही केली. तिची सही मी इतकी वर्षं मनीऑर्डरींवर पाहिलेली. त्या दिवशीची कुठल्याच खिडकीवर चालली नसती.

आमच्याकडे दोष कबूल करायची रीत आहे. गावापुढे गुडघे टेकायचे, गळ्याभोवती गामोसा घ्यायचा, पुढ्यात तामोल-पान ठेवायचं आणि बोलायचं. तामोलाशिवाय बोललेलं कुणी धरत नाही. मी जिने उतरून फाटकाबाहेर गेलो, टपरीवरून एक जोड तामोल-पान घेतलं आणि धावतच परत आलो. फाटकावर पहारेकऱ्याने हात आडवा घातला. त्याच्या शेजारी एक पिंप होतं, लोकांकडून काढून घेतलेल्या तामोलांनी अर्धं भरलेलं.

"खुरा, मुठीत काय?"

"तामोल. खायला नाही, द्यायला."

"कुठला वॉर्ड?"

"अन्ननलिकेचा."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "आग लागलेल्या घरी काडेपेटीचा आहेर घेऊन चाललात होय?"

मी ते पिंपात टाकलं. मूठ रिकामी झाली. आता काय घेऊन बोलू असं एक क्षण वाटलं. मग वाटलं, चार वाजायला वीस मिनिटं आहेत.

बाइदेउ वॉर्डाच्या टोकाला लहानशा खोलीत उभ्यानेच लाल चहा पीत होत्या. मी दारात गुडघे टेकले, गामोसा गळ्याभोवती घेतला.

"अहो, उठा, उठा! हे आत्ता नको. पेशंट बरा झाल्यावर लोक गामोसा देतात ते मी घेते. अजून काही बरं झालेलं नाही."

"मानाचा नाही बाइदेउ. दोषाचा आहे."

त्यांनी कप खाली ठेवला.

"काल सकाळी मी त्यांना प्रसाद दिला. भिजवलेले मूग. पाच दाणे."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"किती वाजता?"

"साडेनऊला."

"चावले की अख्खे गिळले?"

"खूप चावले."

"आणखी काय? खोबरं? पाणी? खरं सांगा, आता उपकार म्हणून तरी खरं सांगा."

"एवढंच. देवाशप्पथ एवढंच. आलं मागत होते, मी दिलं नाही."

"वा! आलं नाही दिलंत. केवढी कृपा!" त्या माझ्या बाजूने जवळजवळ मला ओलांडूनच बाहेर गेल्या. "सिस्टर, मानेच्या ड्रेसिंगचा ट्रे आणा. आत्ता. ऑपरेशन थिएटरला सांगा, थांबा म्हणून."

मी पडद्याबाहेर उभा होतो, पण पडदा पुरता ओढलेला नव्हता. बाइदेउंनी ककाइदेउंच्या मानेवरचे चार टाके कापले. भस्सकन पू आला नि वास सुटला. नबौने तोंडावर पदर धरला. त्या जखम धूत होत्या, कापसाच्या घडीने टिपत होत्या, आणि सिस्टर अंजिमा एकदम म्हणाली, "बाइदेउ, हे काय?"

पांढऱ्या कापडावर हिरवं साल. नखाएवढंही नाही. मुगाचं.

नबौने ते पाहिलं. मग मान वळवून पडद्याच्या फटीतून मला पाहिलं. सांगायचं काही उरलं नाही.

बाइदेउ त्या सालाकडे बघत स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "हे इकडून बाहेर आलं. म्हणजे वाट मानेकडे आहे." जरा थांबून, "निदान मोठी वाट." त्यांनी जखम उघडीच ठेवली, आत कापडाची पट्टी भरली, औषधं बदलली. "दोन तास बघते. तुंबलेलं इथून वाहून गेलं आणि नाडी उतरली, तर छाती उघडत नाही. नाही उतरली, तर सहाला घेते."

ते दोन तास. मी यंत्राचा आकडा पाहत भिंतीला टेकून उभा होतो. एकशे चोवीस. मग एकशे एकोणीस. माझा श्वास सुटला तोवर पुन्हा बावीस. आमच्या नामात ताल चढत जातो, दुपटीवरून चौपटीवर, आणि तिथेच लोकांच्या अंगावर काटा येतो. मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा हरीकडे ताल उतरव म्हणून मागणं केलं. सव्वापाचला एकशे चौदा होतं. सहाला पाच कमी असताना एकशे चार. बाइदेउ आल्या, आकडा पाहिला, बाटली पाहिली, ककाइदेउंच्या कपाळावर हात ठेवला.

"आज नाही उघडत."

मी त्यांच्या मागे कॉरिडॉरपर्यंत गेलो. "बाइदेउ, माझ्यामुळे जोड तुटला का?"

त्या थकलेल्या होत्या. "माहीत नाही. किरणं दिलेली होती, जोड आधीच कच्चा असेल. माणूस चोवीस तास थुंकी तर गिळतोच. पाच दाण्यांनी तुटला असेल, नसेलही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी काही एक सांगणार नाही." मग म्हणाल्या, "पण सकाळी विचारलं तेव्हा सांगितलं असतंत, तर सहा तास वाचले असते. तेवढं मात्र तुमचं."

तेवढं माझं. ते मी अजून बाळगून आहे.

नबौ त्या दिवशी माझ्याशी एकच वाक्य बोलली. "देवाने तुझ्या हातात नगारा दिला होता कंदर्प, तेवढाच बडवायचा होतास." मग उशाशेजारचं माझं स्टूल उचलून तिने बाहेर कॉरिडॉरमध्ये आणून ठेवलं. मी त्यावर बसलो. गावी जा असं ती म्हणाली नाही, आत ये असंही नाही.

मी मेधींना फोन केला. दोनदा ओरडून सांगावं लागलं. सगळ्या मजल्याने ऐकलं.

"प्रसादाने अपाय होत नसतो," ते म्हणाले.

"झाला, मेधीदेउ. प्रसादाने नसेल, माझ्या हाताने. पण सिस्टरच्या कापडावर मूग होता."

त्यांनी फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचाच फोन. आवाज चक्क हळू.

"गाव बसलं होतं. ठरलंय. पाठक तोंडाने घेत नाही तोवर आम्हीही घेणार नाही. प्रसाद कपाळाला लावायचा आणि गायींपुढे ठेवायचा. नाम चालू आहे."

"सगळे कबूल झाले?"

"बुधराम कुरकुरला. म्हणाला, खोबरं तरी. त्याला म्हटलं, तू पण जा गायींबरोबर बस."

मी स्टुलावर बसून पुष्कळ वेळ डोळे पुसत होतो.

रोज सकाळी सिस्टर अंजिमा ड्रेसिंगला येई. दार उघडं असे. जुनी पट्टी निघाली की तिच्यावरचा डाग मला दिसे. पहिल्या दिवसांत तो तळहाताएवढा, ओला. छातीतलं उरलेलं पाणी काढायला आणखी एक बारीक नळी घालावी लागली, त्या दिवशी ताप परत चढला आणि मी बेचाळीस पावलं परत मोजली. मग बाटली निवळली. डाग लहान होत गेला, एक दिवस उगाच मोठा झाला, परत लहान झाला. तीन गोळ्यांपैकी एक वर चढायला लागली. ककाइदेउ पोटातल्या नळीवर जगत होते, आणि शेजारच्या पलंगावर कुणी भाताचा डबा उघडला की भिंतीकडे तोंड करत. आवाजाचा वारा मात्र वाराच होता.

तेराव्या दिवशी नबौने माझ्या स्टुलापाशी चहाचा कप ठेवला. साखर विसरली होती, की मुद्दाम घातली नव्हती, कोण जाणे. मी प्यायलो.

एकविसाव्या सकाळी बाइदेउ निळं पाणी घेऊन आल्या. पेल्यात शाईसारखं. मानेवर नवी, कोरी, पांढरी पट्टी लावली. "हे गिळायचं. जोड अजून गळत असेल तर पट्टी निळी होईल. नाही झाली, तर आजपासून घोट घोट."

मी दारात उभा होतो. नबौ वळली.

"ये आत."

मी गेलो. तिने पेला माझ्या हातात दिला.

"मी नको, नबौ."

"तूच दे. ह्या वेळी बाइदेउ समोर आहेत. विचार आणि दे."

मी बाइदेउंकडे पाहिलं. "देऊ?"

"द्या."

ककाइदेउंनी घोट घेतला. तोंडात धरला. त्यांनाही भीती होती. मला ती त्यांच्या कानशिलावर दिसत होती. मग गिळला. गळ्यावरची घाटी वर गेली, खाली आली. पट्टीखाली काय चाललं होतं ते त्या एका हरीलाच ठाऊक.

पट्टी पांढरी होती. दुसरा घोट. तिसरा. सिस्टर अंजिमा घड्याळ पाहत होती. पाच मिनिटं झाली. बाइदेउंनी पट्टीची कड उचलली, आतली बाजू उजेडाला धरली. पांढरी.

"बरं," त्या म्हणाल्या. एवढंच. पण जाताना त्यांनी पायाशी लटकलेली पाटी काढून काखेत मारली.

ककाइदेउंनी मला खूण केली. मी कान तोंडाशी नेला. जीभ निळी झाली होती.

"ह्याला काही चव नाही," ते म्हणाले. घोगरा, चिरका, पण वारा नव्हे. तळाशी कुठेतरी आवाज होता. "तुझा मूग बरा होता."

"गप्प बसा," नबौ म्हणाली. "दोघंही."

मी कॉरिडॉरमध्ये येऊन फोन लावला. पलीकडे म्हातारे मेधी "कोण? कोण?" करून ओरडत होते आणि मागे नामघरातले भोरताल वाजत होते.

"मेधीदेउ, गावाला सांगा. आज प्रसाद तोंडात घ्या."

"काय?"

"तोंडात! तोंडात घ्या म्हणावं!"

भोरताल थांबले. मग मेधींनी विचारलं, "आणि आवाज? गाईल का रे तो?"

"अजून कळत नाही," मी म्हणालो. आणि फोन कानालाच धरून परत दारापाशी गेलो, पट्टी एकदा पाहायला.